ड्रॉइंग मध्येच बदललं तर १६ आठवड्यांचं डेव्हलपमेंट कसं सांभाळायचं? (एसजी कास्टिंग आणि मशीनिंग)

उद्यमबाग_डेव्हलपमेंट

मंडळी, नमस्कार. बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या ओतकामाच्या युनिटचं बहुतेक काम डिझेल इंजिनच्या कच्च्या कास्टिंगचं. त्या ऑर्डरी आटत चालल्यात म्हणून पुण्याच्या एका ग्राहकाचं हायड्रॉलिक पंपाचं हाउसिंग घेतलंय, तेही पूर्ण मशीन करून द्यायचं. एसजी ४५०/१० (चिवट ओतीव लोखंडाचा प्रकार), वजन साधारण १४ किलो, मुख्य बोअर (भोक) ५० मिमी. पीपीएपीसकट (उत्पादनाआधी ग्राहकाकडून पार्ट मंजूर करून घेण्याची प्रक्रिया) १६ आठवडे मिळालेत. ओतकाम आमच्याकडे, मशीनिंग सीमेपलीकडे, महाराष्ट्रातल्या शिनोळीच्या जॉबवर्कवाल्याकडे.

या डेव्हलपमेंटची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. अनुभव सगळा उत्पादनातला. तिसरा आठवडा संपतोय, मेथडिंग (धातू साच्यात कुठून, कसा भरायचा याची आखणी) झालंय, पॅटर्नची (साचा पाडायच्या नमुन्याची) ऑर्डर गेली आहे आणि आता ग्राहकानं रिव्हिजन बी पाठवली: एका बाजूची भिंत ८ मिमीची ६ मिमी, बोअर एच८ चा एच७ (मापातली सूट आणखी कमी). मेलमध्ये लिहिलंय, "किरकोळ बदल, तारीख तीच."

वेळापत्रक नेमकं कसं मांडायचं, हा बदल ग्राहकाला न दुखवता कसा हाताळायचा, आणि हे कसब रीतसर शिकायचं तर पीएमपी (प्रकल्प व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र) करावं का (माझा मेकॅनिकलचा डिप्लोमा आहे), एवढं सांगा की.

कोअरबॉक्स

आधी वेळापत्रक, कारण ते हातात नसेल तर "तारीख तीच" ला उत्तर देताच येत नाही.

कास्टिंगची वाट आठवड्यांत मांडा. ड्रॉइंग पाहणी १, मेथडिंग आणि सिम्युलेशन २, पॅटर्न व कोअर बॉक्स (आतली पोकळी घडवणारा वाळूचा कोअर बनवायची पेटी) ५, पहिलं सॅम्पल ओतणं १, लेआउट तपासणी, कापून बघणं आणि रेडिओग्राफी १, दुरुस्ती आणि पुन्हा ओतणं २. झाले १२. पुढे मशीनिंग ट्रायल २, पायलट लॉट १, पीपीएपीची फाइल १. बरोबर १६. म्हणजे तुम्हाला मिळालेल्या वेळात मोकळा दिवस एकही नाही. सगळ्यात लांब वाट हीच, म्हणून हिच्यावर एक दिवस वाढला की शेवटच्या तारखेत एक दिवस वाढतो. हे ऑर्डर घेतानाच ग्राहकाला दाखवायला हवं असतं. अजून दाखवता येतं.

फिक्श्चरची (मशीनवर नग पकडायच्या साधनाची) वाट वेगळी आहे. मेथडिंग संपलं, लोकेशन पॉइंट ठरले की चौथ्या आठवड्यात डिझाइन सुरू होतं. डिझाइन दीड आणि बनवणं चार धरलं तर नवव्या आठवड्याच्या अखेरीस फिक्श्चर उभं राहतं. ट्रायल मात्र तेराव्या आठवड्यात लावली आहे. मधले तीन आठवडे फुकट घालवू नका. नवव्या आठवड्यात ओतलेली पहिली सॅम्पल, ती ब्लोहोलमुळे नापास झाली तरी, शिनोळीला पाठवा आणि फिक्श्चर, क्लॅम्पिंग, प्रोग्रॅम, टूलची पोहोच हे सगळं त्यांच्यावरच सिद्ध करून घ्या. पॅटर्नची दुरुस्ती चालू असताना हे समांतर होतं. मग तेराव्या आठवड्यातली ट्रायल दोनऐवजी एका आठवड्यात बसते. या आराखड्यात खरा वाचणारा आठवडा एवढाच आहे.

अंदाज काढताना पॅटर्नशॉपचा "पाच आठवडे" हा एकच आकडा घेऊ नका. तीन विचारा: सगळं सुरळीत तर किती, साधारण किती, अडलं तर किती. समजा ४, ५ आणि ९. जुनं पर्टचं सूत्र लावा: पहिला, मधल्याची चौपट आणि शेवटचा यांची बेरीज भागिले ६. साडेपाच येतात. अर्धा आठवडा लहान वाटतो, पण तुमच्याकडे मोकळा वेळ शून्य आहे.

आता रिव्हिजन बी. भिंत पातळ करायची म्हणजे कोअर मोठा करायचा किंवा पॅटर्न लहान करायचा. दोन्हींत टूलिंगमधून मटेरियल काढावं लागतं, ते सोपं. उद्या ग्राहक ६ वरून परत ७ किंवा ८ वर आला तर भरावं लागेल, इन्सर्ट बसवावा लागेल, आणि तिथे आठवडे जातात. म्हणून ६ पक्का असल्याचं लेखी येईपर्यंत पॅटर्नशॉपला सांगा की त्या पृष्ठभागावर २ मिमी स्टॉक ठेवून बाकी सगळं कापा. सिम्युलेशन मात्र ६ मिमीवर आजच पुन्हा चालवा. त्याला चार दिवस, टूलिंगचं ड्रॉइंग बदलायला दोन: एक आठवडा वाढला.

ओतकामात ६ मिमीला एसजीमध्ये कार्बाइड (कडक, ठिसूळ कण) येण्याची भीती असते. इनॉक्युलेशन (ते टाळायला मिसळायचं द्रव्य) प्रवाहात उशिरा द्यावं लागेल, आणि मॅग्नेशियम ट्रीटमेंटनंतर दहा मिनिटांच्या आत ओतून मोकळं व्हायला हवं. मायक्रो तपासणीचा तुकडा वेगळ्या टेस्ट बारमधून न घेता त्या ६ मिमीच्या भिंतीतूनच घ्या. टेस्ट बार पास होतो, भिंत कडक निघते आणि शिनोळीत टूलची टिप उडायला लागल्यावर कळतं.

गेजरूम

कोअरबॉक्स यांनी भिंतीचं सांगितलं. मला बोअरची जास्त काळजी वाटते, कारण "एच८ चा एच७" हे कागदावर एका आकड्याचं काम आहे आणि मशीनशॉपमध्ये चार.

५० मिमीला एच८ म्हणजे ३९ मायक्रॉनची टॉलरन्स, एच७ म्हणजे २५ ची. पीपीएपीला सुरुवातीचा पीपीके (मापं टॉलरन्समध्ये किती आरामात बसतात याचा आकडा) १.६७ मागितला असेल तर सिग्मा (मापांचा विखुरलेपणा) ३.९ वरून २.५ मायक्रॉनवर आणावा लागतो. साध्या बोरिंग बारवर हे टिकत नाही. मायक्रो-ॲडजस्टचा फिनिश बोरिंग बार आणि त्याच्यासाठी वेगळा पास धरा. सायकल टाइम वाढतो, म्हणजे दर वाढतो. जॉबवर्कवाल्याला हे आज सांगा. त्यानं एच८ वर दर दिलेला आहे.

गेजची बारीकी टॉलरन्सच्या दहाव्या हिश्शाची लागते. २५ चा दहावा हिस्सा अडीच मायक्रॉन, म्हणून १० मायक्रॉनचा डायल बोअर गेज बाद. एक मायक्रॉनचा चालेल, एअर गेज उत्तम. पण मास्टर रिंगसकट एअर गेज हाती यायला महिना-दीड महिना जातो. पायलट लॉटच्या आठवड्यात हे लक्षात आलं तर काहीच करता येत नाही. ऑर्डर याच आठवड्यात.

गेज आर अँड आर (मोजण्यातच किती फरक पडतो याची चाचणी) पहिल्या सॅम्पलवरच करून घ्या: १० नग, ३ माणसं, प्रत्येकी ३ वेळा, ९० वाचनं. १० टक्क्यांच्या आत आलं तर निर्धास्त, ३० च्या वर गेलं तर गेज किंवा पद्धत बदला, मधलं आलं तर ग्राहकाशी बोलून घ्या. आणि गरम नग मोजू नका. ५० मिमीचं बीड दर अंशाला अर्ध्या मायक्रॉनहून थोडं जास्त फुगतं. शॉप आणि मोजमापाची खोली यांत दहा अंशांचा फरक असला की साडेपाच मायक्रॉन गेले, टॉलरन्सचा पाचवा हिस्सा. नग आणि मास्टर एकाच टेबलावर तासभर ठेवा.

पायलट लॉटचा हिशेब केलाय का? नियमानं सलग ३०० नग. समजा १० टक्के रिजेक्शन आणि ६० टक्के यील्ड (ओतलेल्या धातूपैकी कास्टिंगमध्ये उरणारा वाटा). मग ३३४ कास्टिंगसाठी जवळपास ७.८ टन पातळ धातू लागतो. ५०० किलोची भट्टी असेल तर १६ हीट (भट्टीचे घाणे), तुमच्या रोजच्या मालातून वाट काढून. मशीनिंगला नगामागे १८ मिनिटं धरली तर ९० तास. दोन पाळ्यांत रोज १४ तास खरे मिळाले तरी सहा दिवसांत ८४ च होतात. एका मशीनवर तो आठवडा पुरत नाही. दुसरं मशीन लावलंत तर त्याचा पीपीके वेगळा दाखवावा लागेल. तिसरा मार्ग असा की ग्राहकाचा अधिकृत गुणवत्ता प्रतिनिधी ३०० ऐवजी दुसरा आकडा लेखी देऊ शकतो. पंप हाउसिंगसारख्या कमी संख्येच्या कामात हे मागणं गैर नाही. फक्त ते आता मागायचं, पंधराव्या आठवड्यात मागितलं तर पळवाट वाटते.

वेंगुर्ले_रोड

शिनोळीचं काम आहे म्हणून सांगतो. अंतर मोजकं आहे, पण राज्य बदलतं आणि वेळापत्रकात ते दिसत नाही.

दुसऱ्या राज्यातल्या जॉबवर्कवाल्याकडे माल पाठवताना किंमत कितीही कमी असो, ई-वे बिल लागतंच. पन्नास हजारांची मर्यादा इथे लागू नाही. चार सॅम्पल स्कूटरच्या डिकीत घालून नेण्याची सवय असेल तर ती सोडा. सोबत डिलिव्हरी चलन आणि ई-वे बिल, परत येतानाही. पाठवलेला माल वर्षाच्या आत परत यायला हवा. जिग, फिक्श्चर, डाय यांना ती मुदत लागत नाही, तरी ती चलनावरच पाठवा आणि मालक कोण ते त्यात लिहा, नाहीतर पुढे काम हलवताना वाद होतो. जॉबवर्कवाला जीएसटीत नोंदलेला असेल तर तयार माल शिनोळीहून थेट पुण्याला पाठवता येतो. असं करणार असाल तर अंतिम तपासणी, गेज आणि पॅकिंग तिथेच लागेल, म्हणजे तुमचा तपासनीस तिकडे बसवावा लागेल. हा निर्णय कंट्रोल प्लॅन (कोणत्या टप्प्यावर काय, कसं तपासायचं याचा तक्ता) लिहिण्याआधीचा आहे.

कॅलेंडर आपलं लावा. संगणकावरच्या वेळापत्रकात साप्ताहिक सुटी सोडून सगळे दिवस कामाचे असतात, आपल्याकडे नसतात. खंडेनवमीला मशीनची पूजा, त्या दिवशी मशीन बंद. दिवाळीत परगावचे मोल्डर गेले की आठ-दहा दिवस धरावे लागतात. गणपती, सौंदत्तीच्या यल्लम्माची आणि चिंचलीच्या मायाक्काची जत्रा, पेरणीचे दिवस, या काळात फेटलिंगला (कास्टिंग घासून साफ करायला) माणसं कमी. १ नोव्हेंबर (कर्नाटक राज्योत्सव आणि मराठी भाषकांचा काळा दिवस) इथे कसा असतो ते सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी आणि डिसेंबरमध्ये इथे कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं त्या दिवसांत महत्त्वाची गाडी लावू नका. सीमेचं वातावरण तापलं की सर्वांत आधी गाड्या अडतात. पुण्याच्या ग्राहकाची साप्ताहिक सुटीही विचारा, भोसरीकडे बऱ्याच ठिकाणी ती गुरुवारी असते. बुधवारी संध्याकाळी पाठवलेला प्रश्न शुक्रवारी उघडला जातो.

पायलट लॉट जून ते सप्टेंबरमध्ये पडत असेल तर कोअर ओल धरतात. रात्री बनवलेले कोअर दुसऱ्या दिवशी तसेच बसवू नका. ओतण्याआधी गरम करून घ्या आणि त्या वेळेची वेगळी ओळ वेळापत्रकात ठेवा.

बदल_नोंदवही

वर तिघांनी जे सांगितलं त्यातून रिव्हिजन बी चा खरा आकार दिसतो: एक आठवडा, एक एअर गेज, एक बोरिंग बार, नवा सायकल टाइम, नवं सिम्युलेशन. बदलाच्या काळात हे काम करणाऱ्याचं मुख्य कसब माझ्या मते हेच. कुणी "किरकोळ" म्हटलं की २४ तासांत त्याची किंमत आणि दिवस मांडून, निर्णय ज्याचा आहे त्याच्या टेबलावर ठेवायचा. बार चार्ट रंगवणं कुणालाही जमतं.

एक नोंदवही ठेवा, साध्या शीटमध्ये चालेल. बदलाचा क्रमांक, तारीख, कुणी मागितला, नेमकं काय, आणि मग परिणामांचे रकाने: टूलिंग, फिक्श्चर, गेज, सायकल टाइम, वजन, दर, दिवस, पीएफएमईए (प्रक्रियेत काय बिघडू शकतं याची यादी), कंट्रोल प्लॅन. शेवटी मंजुरी कुणाची, कोणत्या तारखेला. एकही रकाना रिकामा सोडायचा नाही. परिणाम नसेल तर "नाही" असं लिहायचं. रिकामा रकाना म्हणजे कुणी बघितलंच नाही.

फोनवर सांगितलेला बदल नोंदवहीत जात नाही. फोन आला तर त्याच दिवशी तुम्हीच मेल लिहा, "आज बोलणं झालं त्याप्रमाणे असं समजलो" म्हणून.

ग्राहकाला असं काहीतरी पाठवा:

"रिव्हिजन बी मिळाली. भिंतीच्या बदलामुळे सिम्युलेशन आणि कोअर बॉक्सचं ड्रॉइंग मिळून १ आठवडा वाढतो. फिक्श्चरची चाचणी पहिल्या सॅम्पलवर घेऊन तो आम्ही भरून काढू. एच७ साठी एअर गेज व फिनिश बोरिंग बार नवे लागतील, त्यांचा खर्च आणि नगाचा सुधारित दर सोबत आहे. भिंत व बोअर अंतिम असल्याची आणि खर्चाची लेखी मंजुरी चौथ्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत मिळाली, तसंच सॅम्पलचा अहवाल दिल्यापासून ३ कामाच्या दिवसांत आपला निर्णय आला, तर पीपीएपी १६ व्या आठवड्यातच देऊ. मंजुरीला पुढे जितके दिवस लागतील, तितकी तारीख पुढे जाईल."

यात तक्रार नाही, नकारही नाही. तारीख पाळायची तर ग्राहकानं काय करायचं ते लिहिलंय. पुण्याच्या डेव्हलपमेंट इंजिनिअरलाही त्याच्या वरिष्ठांना दाखवायला असा कागद हवाच असतो.

एक सावधगिरी. भिंत पातळ झाली की वजन घटेल आणि ग्राहक म्हणेल, दर कमी करा. आपल्या फाउंड्र्यांना किलोवर दर लावायची सवय, त्यामुळे आपण लगेच मान्य करतो. पातळ भिंतीमुळे रिजेक्शन आणि इनॉक्युलंट वाढतो, रायझर (धातू आकसताना भर घालणारा जादा भाग) तेवढाच राहतो किंवा वाढतो. पूर्ण मशीन केलेल्या पार्टचा दर नगावरच बोला आणि त्याची फोड स्वतःकडे तयार ठेवा.

उद्यमबाग_डेव्हलपमेंट

सगळ्यांचे आभार. एअर गेजची चौकशी लावली, सिम्युलेशनही सांगितलं. अडचण वेगळीच आहे. मालक म्हणतात की १६ आठवडे आपण कबूल केलेत, आता खर्च आणि अटी लिहिल्या तर ग्राहक दुसरीकडे जाईल. शिवाय भट्टीच्या हीट आणि मोल्डिंगची पाळी माझ्या हातात नाही. उत्पादनाचे साहेब म्हणतात, आधी चालू माल, मग तुमचं सॅम्पल.

बदल_नोंदवही

मालकांना मेल मंजूर करायला सांगू नका, दोन आकडे दाखवा. मंजुरी न घेता पुढे गेलो आणि सहाव्या आठवड्यात भिंत पुन्हा बदलली तर टूलिंगचा खर्च किती आणि किती दिवस. मेल पाठवला तर ग्राहकाकडून किती वसूल. त्यांच्या समोर कागदावर मांडा. अटी लिहायला ते तयार नसतील तर निदान "भिंत ६ मिमी अंतिम आहे का" हा एक प्रश्न लेखी जाऊ द्या. तेवढ्यानं अर्धं काम होतं.

हीटचं असं करा: "सॅम्पल कधी ओताल" असं दर वेळी विचारत बसू नका. पूर्ण प्रकल्पाला किती हीट लागतील ते एकदाच काढा. सॅम्पलच्या दोन-तीन, दुरुस्तीनंतरच्या दोन-तीन, पायलटच्या १६. त्या कोणत्या आठवड्यात लागतील ते लिहून मालकांसमोर उत्पादनाच्या साहेबांची सही घ्या. दुसऱ्या खात्याची माणसं आणि मशीन वापरायची असली की तोंडी शब्द शुक्रवारपर्यंत टिकत नाही, उत्पादनाच्या आराखड्यात बसलेली हीट टिकते. सोमवारी वीस मिनिटांची बैठक ठेवा. तीत झालेल्या कामाचा पाढा नको, पुढच्या दोन आठवड्यांत कुणाचा कोणता निर्णय बाकी आहे एवढंच.

गेजरूम

पीएमपीचं कुणी बोललं नाही. पीएमपीला ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं आणि प्रकल्प चालवल्याचा अनुभव: चार वर्षांची पदवी असेल तर ३६ महिने, डिप्लोमावाल्यांना ६०. रोजचं उत्पादन सांभाळल्याचे महिने त्यात धरत नाहीत, कारण ते सुरू-शेवट असलेलं काम नाही. म्हणजे तुमचं घड्याळ या हाउसिंगपासून सुरू झालं. त्याच संस्थेची सीएपीएम ही खालची पायरी २३ तासांच्या प्रशिक्षणावर देता येते, तिला अनुभवाची अट नाही. पीएमपी मिळाल्यावरही दर ३ वर्षांनी ६० पीडीयू (पुढील शिक्षणाचे तास) भरावे लागतात.

बांधकाम, आयटी किंवा बहुराष्ट्रीय कंपनीकडे जायचं असेल तर पीएमपीचा उपयोग आहे. उद्यमबाग, मच्छे, होनगा या बेळगावच्या औद्योगिक भागांतल्या कामाला आधी एपीक्यूपी (नव्या पार्टच्या गुणवत्तेचं नियोजन), पीपीएपी, एफएमईए, एमएसए (मोजमाप पद्धतीची तपासणी) आणि एसपीसी (आकडेवारीनं प्रक्रियेवर नियंत्रण) या पाच गोष्टी पक्क्या करा. ग्राहकाचा ऑडिटर हेच विचारतो. एपीक्यूपीच्या मॅन्युअलची २०२४ ची आवृत्ती बघा. कंट्रोल प्लॅन त्यातून वेगळा काढलाय, आणि टप्प्याटप्प्यावर "पुढे जायचं की थांबायचं" हे ठरवण्यावर भर आहे. तुमच्या प्रश्नाशी ते थेट जुळतं.

आणि आजपासून लिहून ठेवा: प्रकल्प कोणता, सुरुवात-शेवट, तुमची भूमिका, काय तयार करून दिलं, कोण साक्ष देईल. अर्जात हेच भरावं लागतं आणि काही अर्ज तपासणीलाही निवडले जातात. पाच वर्षांनी आठवून लिहिता येत नाही.

कोअरबॉक्स

एक राहिलं. रिव्हिजन बी मंजूर झाली की त्याच दिवशी रिव्हिजन ए ची प्रत्येक प्रत परत गोळा करा: पॅटर्नशॉप, मोल्डिंग, शिनोळी, तपासणी. किती प्रती दिल्या होत्या त्याची यादी असेल तरच गोळा होतील. कोअर बॉक्सवर रिव्हिजनचं अक्षर रंगानं लिहा आणि कास्टिंगवरच उठेल अशी अक्षराची पट्टी बसवून घ्या, म्हणजे शिनोळीत दोन्ही रिव्हिजनचे नग मिसळले तरी वेगळे काढता येतील. सूचना मराठी आणि कन्नड दोन्हींत लावा. फेटलिंगला परप्रांतातली माणसं असतील तर हिंदीतही, आणि सोबत भिंतीचं चित्र काढून त्यावर ६ मिमी लिहा.